कट्ट्याची केस: 'कबूल करून टाक' म्हणण्याआधी कलम वाचा

ठाण्याच्या कोर्टात मी विधी स्वयंसेवक म्हणून काम करते. गावठी कट्ट्यासह, म्हणजे देशी पिस्तुलासह, पकडलेल्या पोराची आई माझ्यापर्यंत येते, तोवर कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलेलं असतं, "गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, सुटायचं." कळकळीनं सांगते, नुसत्या दंडावर हे भागत नाही.

आधी एफआयआरची प्रत घ्या. शस्त्र अधिनियमापुढे बरेचदा फक्त '3, 25' लिहिलेलं असतं. पोटकलम कोणतं, ते वकिलांना विचाराच. साधं पिस्तूल विनापरवाना बाळगलं तर 25(1बी)(ए). 2019 च्या दुरुस्तीपासून त्याला किमान 2 वर्षं, जास्तीत जास्त 5, आणि वर दंड. पुरेशी आणि विशेष कारणं निकालात नोंदवूनच न्यायाधीशांना 2 वर्षांखाली येता येतं. म्हणून वयाचा दाखला, आजारपणाचे, शिक्षणाचे कागद वकिलांकडे आधीच द्या. शस्त्र प्रतिबंधित प्रकारातलं (स्वयंचलित बंदुकीसारखं) असेल तर किमान 7 वर्षं.

जबरी चोरीत हत्यार वापरलं की भारतीय न्याय संहितेचं 311 लागतं, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं 397. इथेही किमान 7 वर्षं. गोळी झाडायलाच हवी असं नाही, कट्टा रोखून धमकावलं तरी तो वापरच. पण हे कलम ज्याने हत्यार वापरलं त्यालाच लागतं. सर्वोच्च न्यायालयाने फूलकुमार खटल्यात 1975 सालीच ते स्पष्ट केलंय. तुमचा पोरगा बाहेर बाइक चालू ठेवून उभा होता आणि तरी त्याला 311 लावलंय? मग दोषारोपपत्रातले जबाब ओळ न् ओळ वाचा. कट्टा कुणाच्या हातात होता, ती ओळ पेन्सिलीने खूण करून वकिलांना दाखवा.

विनापरवाना शस्त्राच्या खटल्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम 39 ची, म्हणजे खटला भरण्याआधीची, मंजुरी लागते. ठाणे आणि नवी मुंबई शहरांत ती पोलीस आयुक्तांच्या अधिकारातली. तिची प्रत कागदांत आहे का बघा. जप्ती पंचनाम्यातलं शस्त्राचं वर्णन आणि सील प्रयोगशाळेच्या अहवालाशी जुळतं का, तेही ताडून पाहा.

वकील परवडत नाही? मोफत कायदेशीर मदतीच्या 15100 या हेल्पलाइनला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. ठाणे किंवा तळोजा कारागृहातूनही अर्ज करता येतो. शिक्षा झालीच, तर कच्च्या कैदेतले, म्हणजे निकालाआधी तुरुंगात काढलेले, दिवस त्यातून वजा होतात. तेवढ्या दिवसांचा दाखला कारागृहातून मागून घ्या.