नाताळच्या फ्रूटकेकची तयारी

फ्रूटकेकची यादी सामानापासून नव्हे, तारखेपासून लिहायला घ्यावी आणि २५ डिसेंबरपासून मागे मोजत यावे. रममध्ये फळे भिजवायची असतील तर ती नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बरणीत पडलेली असावीत, केक डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात भाजून व्हावा आणि नाताळपर्यंतचे दिवस त्याला मुरण्यासाठी मिळावेत. फळे संत्र्याच्या रसात भिजवायची असतील तर हिशेब अगदी वेगळा होतो. रसातील फळे फ्रिजमध्ये एक-दोन दिवसांपलीकडे ठेवू नयेत, आणि असा केक नाताळच्या तीन-चार दिवस आधीच भाजावा, कारण मद्यार्कामुळे मिळणारा टिकाऊपणा रसाच्या केकला नसतो. कोणत्या मार्गाने जायचे हे घरात आधीच ठरवावे. दोन्ही मार्गांचा केक चांगला होतो. फसतो तो रसाचा केक रमच्या वेळापत्रकाने करणाऱ्यांचा. रम घ्यायची असल्यास महाराष्ट्रात खरेदीसाठी वयाची अट २५ वर्षे आहे, तेव्हा हे काम घरातील मोठ्या माणसाकडेच सोपवावे.

आपल्याकडे भुसावळच्या रेल्वे वसाहतीत काय किंवा नवापूरकडच्या ख्रिस्ती घरांत काय, केकच्या जोडीला करंज्या, शंकरपाळे आणि लाडू असा नाताळचा फराळही होतो. म्हणून केक फराळाच्या आधी उरकावा. तळणाचा वास स्वयंपाकघरात भरून राहिलेला असताना लोणी उघडे ठेवून फेटत बसणे योग्य नाही, कारण लोणी आजूबाजूचा वास फार लवकर ओढून घेते. याच कारणाने यादीत एक अस्सल खान्देशी सूचना घालावी लागते: ज्या मिक्सरच्या भांड्यात काळा मसाला किंवा ठेचा वाटला जातो, त्यात केकचा मसाला दळू नये. ते भांडे कितीही घासले तरी झाकणाच्या रबरात लसणाचा वास राहतोच. दालचिनी, लवंग, जायफळ आणि सुंठ यांसाठी स्वच्छ खलबत्ता आणि जायफळाची किसणी पुरेशी आहे.

आता प्रमाण. पुढील सर्व मापे २० सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे आठ इंची, खोलगट गोल डब्यासाठी आहेत: मैदा २०० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, चार अंडी, सुकी फळे सर्व मिळून ६५० ग्रॅम, बदाम-अक्रोड १०० ग्रॅम, दळलेला मसाला दोन लहान चमचे आणि बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा. वाटीने मोजण्याची सवय असलेल्यांनी या एका पदार्थासाठी तरी वजनकाटा मागून आणावा. मैदा वाटीत दाबून भरला की चाळून भरला यावर त्याचे वजन बरेच बदलते, आणि फळांनी जड झालेल्या या मिश्रणात तो फरक लपत नाही.

फळांच्या खरेदीला मात्र सवडीने निघावे, कारण केकची चव इथेच ठरते. काळे मनुके, बेदाणे आणि खजूर हा पाया मानावा आणि ६५० ग्रॅमपैकी निम्म्याहून अधिक वजन या तिघांचे असू द्यावे. बेदाणे घेताना ते मऊ आहेत ना, हे बोटांनी दाबून पाहावे. दिवाळीला भेट आलेल्या सुक्या मेव्याच्या डब्या अनेक घरांत पडून असतात आणि त्या केकमध्ये संपवण्याचा मोह स्वाभाविक आहे. त्यांतील खारवलेले काजू-पिस्ते बाजूला काढावेत आणि अक्रोडाचा एक तुकडा चावून पाहावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यातून गेलेला अक्रोड बहुधा खवट झालेला असतो, आणि असा एक मूठ अक्रोड सगळा केक बिघडवतो. बाजारात बरणीत मिळणारी लालभडक चेरी अनेकदा चेरी नसून साखरेत मुरवून रंगवलेले करवंद असते. त्यात वाईट काही नाही, पण तिच्यासाठी चेरीची किंमत मोजू नये.

टूटीफ्रूटी विकत आणण्याचे मला तरी कारण दिसत नाही. ती कच्च्या पपईची असते, आणि शहादा-नंदुरबारकडे पपईच्या बागाच बागा आहेत. एक मध्यम कच्ची पपई घ्यावी, हाताला तेल लावून तिची साल काढावी, कारण चिकाने हाताची आग होते, आणि बिया व आतील पांढरा पापुद्रा खरवडून काढून गराचे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठे चौकोनी तुकडे करावेत. हे तुकडे उकळत्या पाण्यात पाच-सहा मिनिटे शिजवून निथळावेत. नंतर तुकड्यांच्या वजनाइतकी साखर आणि तिच्या निम्मे पाणी यांचा पाक करून त्यात ते मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत शिजवावेत आणि रात्रभर त्याच पाकात राहू द्यावेत. दुसऱ्या दिवशी चाळणीवर निथळून, मलमलचे कापड झाकून सावलीत वाळत घालावेत. आपल्या हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते एक-दोन दिवसांत हाताला न चिकटण्याइतके सुकतात. उरलेला पाक टाकू नये. रस-केक करणाऱ्यांना तो पुढे उपयोगी पडतो.

संत्र्याची साल याच रीतीने साखरेत मुरवावी, फक्त तिच्यातील कडवटपणा घालवण्यासाठी ती आधी तीन वेळा, प्रत्येक वेळी पाणी बदलून, उकळून घ्यावी. नागपुरी संत्री या दिवसांत बाजारात असतातच. मोसंबीची सालही चालते, पण तिचा सुवास कमी पडतो.

यापलीकडे सातपुड्याची एखादी वस्तू घालावीशी वाटली तर माझी पसंती चारोळीला आहे. ती न भिजवता, शेवटी, इतर मेव्याबरोबर घालावी. सुकवलेली मोहाची फुलेही बेदाण्याच्या जागी वापरता येतात. त्यांतील केसर आणि वाळू काढून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, मूठभरच घ्यावीत, कारण त्यांचा वास उग्र असतो आणि तो सर्वांना रुचतो असे नाही. जळगावच्या सुकवलेल्या केळ्यांबद्दल मात्र मला आग्रह धरता येत नाही. भिजवल्यावर त्यांचा लगदा होतो आणि केकचा पोत चिकट होतो, म्हणून घालायचीच असतील तर ५० ग्रॅमच्या आत, बारीक चिरून, कोरडीच घालावीत.

भिजवण्यासाठी काचेची रुंद तोंडाची बरणी गरम पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून तयार ठेवावी. खजुराच्या बिया काढून त्याचे बेदाण्याएवढे तुकडे करावेत, मनुके-बेदाणे देठ काढून, धुऊन, कापडावर कोरडे करावेत आणि मगच बरणीत भरावेत. ६५० ग्रॅम फळांना साधारण १५० मिलिलिटर रम पुरते. दर तीन-चार दिवसांनी कोरड्या चमच्याने फळे वर-खाली करावीत, जेणेकरून तळाशी साचलेला द्रव सगळ्यांना मिळेल. बदाम, अक्रोड आणि चारोळी बरणीत घालू नयेत. ती मऊ पडून त्यांचा कुरकुरीतपणा जातो. टूटीफ्रूटीही आधीच साखरेत मुरलेली असल्यामुळे भाजण्याच्या दिवशीच मिसळावी.

लोणी आणि साखर यांचा निर्णयही आधीच घ्यावा. बाजारातील पिवळे लोणी बहुतेक खारवलेले असते, तेव्हा ते वापरल्यास वेगळे मीठ घालू नये. घरचे लोणी वापरायचे तर ते थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुऊन ताक पूर्ण काढून टाकावे, नाहीतर पाण्याचा अंश वाढून केक आत ओला राहतो. ब्राउन शुगर न मिळाल्यास निम्मी साधी साखर आणि निम्मी गुळाची पावडर असे करता येते. सगळाच गूळ घातला तर केक जड होतो. गडद रंग हवा असेल तर आदल्या दिवशी वेगळी ७५ ग्रॅम साखर कोरड्या जाड पातेल्यात तांबूस-तपकिरी होईपर्यंत वितळवून, आच बंद करून, तिच्यात ६० मिलिलिटर उकळते पाणी अगदी सावकाश घालावे. पाणी पडताच पाक उसळतो, म्हणून लहान मुलांना ओट्यापासून दूर ठेवावे. हा पाक पूर्ण थंड करून बाटलीत भरावा.

भाजण्याची व्यवस्था हा यादीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. घरी विजेचा ओव्हन असेल तर आधी एकदा ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवून, बटण १५० अंशांवर असताना आत खरोखर किती तापमान राहते हे पाहून घ्यावे. लहान ओव्हनच्या बटणावरचे आकडे आणि आतले तापमान यांत वीस-तीस अंशांची तफावत असणे नवलाचे नाही. केकला दोन ते अडीच तास लागतात, त्यामुळे त्या दिवशी देखभालीसाठी वीज बंद राहणार आहे का याची चौकशी करावी. घरगुती इन्व्हर्टरवर ओव्हन चालेल असे धरू नये. पहिल्या तासात वीज गेली तर निदान दार तरी उघडू नये. आतली ऊब टिकली तर केक वाचण्याची आशा असते.

ओव्हन नसेल तर दिवाळीत जिथे नानकटाई भाजून आणतो त्या बेकरीची भट्टी हा उत्तम उपाय आहे, आणि खरे सांगायचे तर विटांच्या भट्टीची चारी बाजूंनी येणारी सौम्य आच मला ओव्हनपेक्षा अधिक आवडते. मात्र बेकरीवाल्याशी आठ-दहा दिवस आधी बोलून ठेवावे, कारण डिसेंबरात त्याचीच घाई असते. पावाची भट्टी फ्रूटकेकसाठी फार तापलेली असते. पावाचे घाणे निघून गेल्यावर, उतरत्या आचेवर केक ठेवायचा, हे त्याला स्पष्ट सांगावे. भट्टीच्या फरशीवर टाकलेला चिमूटभर मैदा लगेच काळा पडला तर अजून थांबावे; तो सावकाश तांबूस झाला तर डबा आत जाऊ द्यावा. डब्याला नावाची चिठ्ठी सुतळीने बांधली तर ती जळेल, म्हणून डब्याच्या बाहेर खूण कोरलेली बरी. तिथे उभे राहण्याची तयारीही असावी, कारण पाव आणि बिस्किटे मिनिटांत भाजणाऱ्या माणसाला दोन तासांचा केक विसरायला वेळ लागत नाही.

डब्याला आतून तळाशी व कडेने दोन पदरी बटर पेपर लावावा, तो काठाच्या वर दोन बोटे असावा. घरच्या ओव्हनसाठी बाहेरून जाड तपकिरी कागदाचे दोन वेढे देऊन दोऱ्याने बांधावेत, म्हणजे मध्य भाजून होईपर्यंत कडा करपत नाहीत. कागद ओव्हनच्या सळ्यांना टेकणार नाही एवढे पाहावे. बेकरीच्या भट्टीत बाहेरचा कागद लावू नये.

प्रत्यक्ष दिवशी सकाळची घाई करू नये. डिसेंबरात धुळे-जळगावकडे रात्रीचा पारा अनेकदा दहा अंशांच्या खाली जातो आणि सकाळी स्वयंपाकघरात लोणी दगडासारखे असते. गॅसवर पातळ केलेले लोणी फेटले जात नाही, आणि गार अंडी घातली की मिश्रण फाटते. लोणी आणि अंडी सकाळीच बाहेर काढून ठेवावीत आणि काम दुपारी बाराच्या सुमारास सुरू करावे. तोवर फळे चाळणीवर निथळू द्यावीत, खालचा द्रव जपून ठेवावा, मैदा मसाला व बेकिंग पावडरसह दोनदा चाळावा आणि त्यातलाच दोन मोठे चमचे मैदा निथळलेल्या फळांना चोळावा, म्हणजे ती तळाशी बसत नाहीत. पुढचे काम नेहमीचेच आहे: लोणी-साखर हलकी होईपर्यंत फेटणे, अंडी एकेक करून घालणे, थंड पाक, मग मैदा, शेवटी फळे आणि मेवा. मिश्रण डब्यात भरून मध्यभागी किंचित खोलगट करावे. दोन तासांनी बारीक काडी टोचून पाहावी. ती कोरडी निघाली की केक बाहेर काढून डब्यातच पूर्ण थंड होऊ द्यावा.

रमच्या केकला थंड झाल्यावर काडीने भोके पाडून निथळलेल्या द्रवाचे दोन चमचे पाजावेत आणि नाताळपर्यंत दर आठवड्याला तेवढीच रम द्यावी. अधिक दिल्याने तो अधिक चांगला होत नाही, ओला होतो. रसाच्या केकला भाजल्यावर लगेच पपईच्या पाकाचा एक हात द्यावा आणि तो फ्रिजमध्ये ठेवावा. गुंडाळताना आधी बटर पेपर आणि त्यावर फॉइल हा क्रम पाळावा, कारण फळांच्या आंबटपणामुळे केकला थेट चिकटलेली फॉइल खराब होते.

शेजारी अंडे न खाणारे असतील, आणि जळगावात ते असतातच, तर त्यांच्यासाठी दह्याचा व कंडेन्स्ड मिल्कचा वेगळा लहान केक करावा, भांडीही वेगळी घ्यावीत आणि त्यात रम घालू नये. कोणाला अक्रोड-बदाम सोसत नसतील तर तेही वाटण्यापूर्वी विचारून घ्यावे. केक भाजल्यानंतर निदान दोन दिवस कापू नये, आणि कापताना दाते असलेली सुरी करवतीसारखी हलक्या हाताने चालवून बोटभर जाडीचे काप करावेत.