चढावर इंजिन तापू लागले तर

चाळीसगावकडून औट्रम घाट चढून कन्नडला येताना, विशेषतः एप्रिल-मेच्या दुपारी गाडी भरलेली आणि एसी चालू असेल, तर तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागतो.

१. प्रथम एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम बाजूला फिरवून पंखा सर्वाधिक वेगावर ठेवावा आणि काचा खाली कराव्यात. इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. उन्हाळ्यात हे असह्य वाटते, पण काही मिनिटांत काटा खाली येऊ शकतो.

२. काटा उतरला नाही, किंवा बॉनेटमधून वाफ दिसली, तर वळण टाळून रस्त्याच्या कडेला थांबावे, इंजिन बंद करावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि मागे अंतरावर धोक्याची सूचना देणारा त्रिकोण ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

३. किमान अर्धा तास थांबून, इंजिन हाताला गार लागल्यावरच कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीतील पातळी पाहावी. कमी असल्यास कूलंट घालावे; ते नसेल तर पिण्याचे स्वच्छ पाणी तात्पुरते चालते, मात्र गावी पोहोचताच गळती तपासून योग्य कूलंट भरून घ्यावे. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात, म्हणून ते शक्यतो वापरू नये.

रेडिएटरचे झाकण गरम असताना, कापड धरूनसुद्धा, कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते पाणी थेट चेहऱ्यावर उडते.