गंधकाच्या कुंडात उतरण्यापूर्वी चांदी काढा

उन्हवरे किंवा अकलोलीच्या गरम कुंडात उतरण्याआधी जोडवी, पैंजण, चांदीची साखळी काढून कोरड्या डबीत ठेवा. पाण्यातला गंधकयुक्त वायू चांदीशी संयोग पावून काळा थर बनवतो, साबणाने तो जात नाही.

काळी पडलीच तर घासू नका, घासल्याने चांदी झिजते. भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर दागिना टेकलाच पाहिजे (न टेकल्यास काहीच होत नाही). चमचाभर खायचा सोडा भुरभुरून, बुडेल इतकं कढत पाणी ओता. पाचेक मिनिटांत काळेपणा उतरतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो त्याच गंधकाचा. मोती, चिकटवलेले खडे आणि ऑक्सिडाइज्ड नक्षीचे दागिने मात्र यात कधीच बुडवू नका.