मॅच संपली, रोबोटचा हात वरच राहिला. आता?

फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे एफआरसी, ही शाळकरी मुलांच्या टीमनी बांधलेल्या रोबोटची स्पर्धा. तिच्यात मॅच साधारण अडीच मिनिटांची. वेळ संपली की रोबोट जिथे असेल तिथे, जसा असेल तसा बंद पडतो. हात वर असेल तर वरच राहतो. तो खाली घेण्यापुरता रोबोट पुन्हा चालू करू देत नाहीत, आणि मैदानावरच लॅपटॉपची केबल जोडायची तर परवानगी लागते. म्हणजे तो तसाच उचलून बाहेर न्यायचा. 2023 च्या खेळात, चार्ज्ड अपमध्ये, हात फ्रेमच्या बाहेर चार फुटांपर्यंत काढायची मुभा होती. असा लांब हात घेऊन रोबोट मैदानाच्या दारातून काढणं हे मॅच खेळण्याइतकंच सरावाचं काम आहे, पण त्याचा सराव फारसं कोणी करत नाही. ड्रायव्हरची प्रॅक्टिस शनिवार-रविवार चालते, हमालीची कधीच नाही.

इथे मिशिगनमध्ये मी मुलांच्या टीमला मदत करते. त्याआधी चाकणला प्रेस शॉपच्या मेन्टेनन्समध्ये होते. तिथली एक सवय अजून सुटलेली नाही: यंत्राला हात लावण्याआधी विचारायचं, हा वरचा भाग कशाच्या जोरावर वर आहे? रोबोटलाही हाच प्रश्न पहिला, आणि त्याचं उत्तर मॅचच्या आधीच ठरलेलं हवं.

मैदानावरचे दिवे हिरवे होईपर्यंत आत पाऊल टाकायचं नाही. जांभळे दिवे फक्त तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी असतात. आत गेल्यावर रोबोटवरचा नारिंगी दिवा पाहा. लुकलुकतोय तर रोबोट एनेबल आहे, म्हणजे हुकूम मिळाला की हलेल, लांब राहा. स्थिर असेल तर डिसेबल आहे, पण वीज चालू आहे. चष्मा आणि बंद बूट तर हवेतच. मॅच संपली म्हणून चष्मा कपाळावर सरकवणारी मुलं मला दर स्पर्धेत दिसतात. डोळ्याला पंजा लागायची वेळ नेमकी हीच असते.

आता मुख्य मुद्दा. मुलांचा हात सवयीने आधी लाल बटणाकडे, म्हणजे सगळ्या रोबोटची वीज तोडणाऱ्या 120 अँपिअरच्या मेन ब्रेकरकडे जातो. थांबवा त्यांना.

"काकू, ब्रेक मोड आहे, पडणार नाही."

"वीज आहे तोवर."

ब्रेक मोडमध्ये मोटर चालवणारा कंट्रोलर मोटरच्या तारा आतल्या आत जोडून तिला फिरायला विरोध करतो. हल्लीच्या ब्रशलेस मोटरच्या कंट्रोलरला त्यासाठी वीज लागते. ब्रेकर दाबला की तो विरोध संपतो आणि मोठ्या गिअर रिडक्शनने किंवा स्प्रिंगने तोललेला नसेल तर हात खाली येतो. जो खाली वाकून ब्रेकर शोधत असतो, त्याच्याच डोक्यावर. म्हणून क्रम असा: एकाने रोबोटचा हात धरायचा, सांध्यापासून लांब, भक्कम नळीवर, बाजूला उभं राहून. त्याने "धरला" म्हटलं की दुसऱ्याने ब्रेकर दाबायचा. मग धरणाऱ्याने हात सावकाश खाली आणायचा. सावकाश का, तर हाताने फिरवलेली मोटर जनरेटर होते. जोरात फिरवली तर ब्रेकर बंद असूनही दिवे पेटतात, हे डोळ्यांनी दिसतं. आणि हात हलतच नसेल तर जोर करू नका. वर्म गिअर किंवा रॅचेट असेल तर तो हाताने मागे फिरणारच नाही. जोर लावून फार तर गिअरबॉक्स मोडेल.

हवेवर चालणारा हात असेल तर गोष्ट वेगळी, आणि जास्त फसवी. टाकीत 120 पीएसआयपर्यंत हवा असते, सिलिंडरपर्यंत जास्तीत जास्त 60. वीज बंद केल्याने ती हवा कुठे जात नाही. हवेची दिशा ठरवतो सोलेनॉइड, म्हणजे विजेवर फिरणारा व्हॉल्व्ह. सिंगल सोलेनॉइड असेल तर रोबोट डिसेबल होताच त्याची वीज जाते, आतली स्प्रिंग व्हॉल्व्ह परत फिरवते आणि सिलिंडर फटकन उलटा चालतो. डबल सोलेनॉइड आहे तसाच राहतो, पण तुम्ही हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरचा जोर जातो आणि हात लटकतो. दोन्हीकडे नियम तोच: आधी धरा, मग बटण किंवा व्हॉल्व्ह. आपल्या रोबोटवर कोणता सोलेनॉइड कुठे आहे हे उचलणाऱ्या मुलांना माहीत हवं. ते प्रोग्रामिंगवाल्यांनाच ठाऊक असून भागत नाही.

एलिव्हेटरला, म्हणजे टप्प्याटप्प्याने वर सरकणाऱ्या नळ्यांच्या चौकटीला, कॉन्स्टंट फोर्स स्प्रिंग (सतत सारख्याच जोराने ओढणारी) लावली असेल तर तो खाली पडण्याऐवजी वर उसळू शकतो. त्याला पट्ट्याने बांधल्याशिवाय उचलू नका.

उचलताना पकडायचं कुठे? फ्रेमला. हाताला नाही, एलिव्हेटरच्या आडव्या नळीला तर मुळीच नाही. ती नळी दिसते अगदी हँडलसारखी, म्हणून मुलं तिलाच धरतात. मग टप्पा सरकतो आणि बोटं दोन नळ्यांच्या मध्ये सापडतात. वजन हलकं करायला नळ्यांना पाडलेल्या भोकांत बोट घालणं हाही तसलाच प्रकार. आमच्या रोबोटवर धरायच्या जागी पिवळी टेप आहे. टेप नाही तिथे हात नाही, एवढाच कायदा. 2025 च्या नियमांत रोबोटला 115 पौंडांची मर्यादा होती, तीही बंपर आणि बॅटरी सोडून. ते धरले की साठ किलोच्या पुढे जातं. दोन मुलांनी शौर्य दाखवायचं वजन नाही हे. चौघं लागतात, गुडघ्यात वाकून, आणि "एक, दोन, तीन, उचल" म्हणणारा एकच.

रोबोट मैदानावरच्या बारला किंवा पिंजऱ्याला लटकलेला असेल तर आधी खालून त्याचं वजन पेलायचं, मग वीज, मग हुक. 2022 ला सर्वांत वरचा बार साडेसात फुटांच्या वर होता. अशा वेळी मैदानावरची माणसं सांगतील तसं करा. त्यांनी असे रोबोट ढिगाने उतरवलेले असतात. पुढची मॅच लावायची म्हणून घाई करा असंही तेच सांगतील. त्यावर "हो" म्हणा आणि आपल्याच गतीने चाला.

रोबोट ढकलगाडीवर ठेवताना त्याचा हात गाडीच्या लांबीत येऊ दे, आडवा नको. वर राहिलेल्या हाताने रोबोटचा तोल वर सरकतो, आणि जमिनीवरच्या केबलच्या उंचवट्यावर पुढचं चाक अडलं की सगळं कलंडतं. तिथे थांबून, पट्टा ताणून, मगच ढकला. पंज्याच्या टोकावर टेनिस बॉल किंवा फोमची नळी खोचा. ती खिशात ठेवायची जबाबदारी एकाच मुलाची. गाडीपुढे एक जण रिकाम्या हाताने चालेल आणि वाट मोकळी करेल. पिटमधल्या, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेतल्या, गर्दीत "रोबोट!" असं ओरडून माणसं दचकतात, बाजूला होत नाहीत. "एक्सक्यूज मी" जास्त चालतं.

पिटमध्ये आल्यावर बॅटरी काढा आणि एका चिठ्ठीवर लिहा: हात हाताने खाली घेतला आहे. कारण मोटरमधला साधा एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर, रोबोट चालू होताना जिथे असेल तिथून मोजतो. कोड लिहिणाऱ्याने हात वर धरून शून्य ठरवलं असेल आणि तुम्ही तो खाली आणून ठेवला असेल, तर पुढच्या वेळी एनेबल करताच हात चुकीच्या जागेकडे झेपावतो आणि स्टॉपवर आदळतो. हाताची खरी जागा वीज गेली तरी ओळखणारा अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर असेल तर ही भानगड नाही. नसेल तर नवी बॅटरी लावण्याआधी हात ठरलेल्या खुणेवर आणा, सगळ्यांना दोन पावलं मागे सरकवा, आणि मगच एनेबल करा.