गाणं शिकायला लागलाय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

दर जूनला आणि परत दिवाळी झाली की विश्रामबागेत माझ्या क्लासला नवीन मंडळी येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "सर, गाणं कधी बसवायचं?" अहो अजून सा बसला नाही, गाणं कुठं बसवताय.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक पट्टीची, म्हणजे आपला सा पेटीच्या (हार्मोनियमच्या) कुठल्या पट्टीवर धरायचा त्याची. ओरिजिनल गाणं ज्या पट्टीत आहे त्यातच गायचं, कारण यूट्यूबवर कराओके ट्रॅक तोच मिळतो. यात माझं काय झालं ते ऐका. कॉलेजात असताना गणपतीत मंडळाच्या स्टेजवर गायचं होतं, माझी पट्टी पांढरी दोन (पेटीवरच्या पट्टीचा रंग आणि नंबर), आणि कीबोर्डवाला म्हणाला काळी तीन घे की, उठाव येतोय. म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या मोजून अख्ख्या चार पट्ट्या वर. मी लगेच हो म्हणालो, कारण समोर वर्गातल्या पोरी बसलेल्या. मुखडा कसाबसा निघाला, अंतरा तार गंधाराला, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग ला गेला आणि आवाज असा फाटला की पुढच्या रांगेतलं एक बारकं पोरगं दचकून रडायलाच लागलं. तरी थांबलो नाही, रेटून तीन गाणी म्हटली. दुसऱ्या दिवशी तोंडातून नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं स्वरतंतू सुजलेत, आठ दिवस बोलायचं नाही, कुजबुजायचं पण नाही. आठ दिवस मी आईशी पाटीवर लिहून भांडलो.

तर पट्टी बघायची माझी पद्धत साधी आहे. खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) घोगरा न होता ऐकू आला पाहिजे आणि वर तार गंधाराला जाताना हनुवटी वर उचलली नाही पाहिजे. हनुवटी वर गेली की पट्टी एक खाली, वाद नाही. पुरुषांनी पांढरी एक-काळी एकपासून आणि बायकांनी काळी चारपासून चाचपायला सुरुवात करावी, पुढं ज्याचा त्याचा गळा. कराओके ॲपमध्ये पट्टी खाली घ्यायचं बटण असतंय, पण ते दाबायला लोकांना कमीपणा वाटतो, का ते मला अजून कळलेलं नाही.

सारखा घसा खाकरू नका, त्यानं स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यापेक्षा घोटभर पाणी प्या. मध, ज्येष्ठमध, आलं काय हवं ते खा, पण ते अन्ननलिकेत जातंय, स्वरतंतूंवर नाही, त्यामुळं रियाजाच्या ऐवजी चालणार नाही. आणि तीन महिन्यांत "विशारद कधी होईल" विचारणाऱ्यांनो, गांधर्व महाविद्यालयाच्या गाण्याच्या परीक्षांत प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा आहेत, मोजा.

आता पेटी. मला पेटीचा राग नाही, पण नवीन माणूस प्रत्येक सुराला पेटीचं बोट धरतो आणि बोट सुटलं की पडतो. मी एकोणीस वर्षांचा असताना साठवलेले पैसे घेऊन तंबोरा घ्यायला मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. म्हातारे कारागीर मांडीवर भोपळा घेऊन जवारी लावत होते, म्हणजे तारेचा झंकार जुळवत होते. घोडीवर (ज्या तुकड्यावरून तारा जातात त्यावर) तारेखाली सुताचा दोरा असतो, तो केसभर इकडं तिकडं सरकवायचा, आणि आत्तापर्यंत नुसती टणटण करणारी तार एकदम झंकारायला लागते. मी तोंड उघडं टाकून बघत बसलो. मग ते म्हणाले, "लावा सा." मी इकडं तिकडं बघायला लागलो. "पेटी न्हाई हितं." लावला. ऐकलं, आणि म्हणाले, "ह्यो निषाद हाय पोरा." म्हणजे सा च्या लगेच खालचा नी. परत लावला, परत निषाद. तासभर बसवून घेतलं, पैशाचा विषयच काढला नाही. शेवटी म्हणाले खर्जाच्या (खालच्या सा च्या, जाड) तारेत कान घाल. घातला, तर त्यातून गंधार ऐकू येत होता, कुणीही न वाजवता! घरी येऊन पेटीचा गंधार दाबला तर तो जरा चढा निघाला. दहा वर्षं मी तोच बरोबर समजत होतो.

तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे, पहिली पंधरा मिनिटं पेटी बंद, नुसता तंबोरा आणि सा. ॲपचा तंबोरा चालतो, पण मोबाईल उशीखाली ठेवून नाही, छोटा का होईना स्पीकर लावा. पोरं कंटाळतात, दोन-चार जण सोडून पण जातात, जाऊ देत.

रोज एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका, आपला आवाज ऐकून वाईट वाटणारच, मला अजून वाटतं.

आणि ऑनलाईन शिकणाऱ्यांसाठी एक, कारण गेल्या महिन्यात यातच दोन क्लास वाया गेले. व्हिडिओ कॉलवर तुमचा तंबोरा मला ऐकूच येत नाही, कारण ॲप त्याला पंख्याचा आवाज समजून कापून टाकतं. सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची सफाई (नॉईज सप्रेशन) बंद करा, इअरफोन घाला, आणि माझ्याबरोबर एका वेळी गाऊ नका, आवाज पोचायला उशीर होतो, मी सा म्हणून थांबलो की मग तुम्ही.