ओआरएस आणि लोहाची गोळी: या चुका टाळा

बाळाला जुलाब लागले की बऱ्याच घरांत एकच गोष्ट घडते. ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवायच्या मीठ-साखरेची, पुडी लिटरभर पाण्याची असते, पण ‘एवढं कुठे पिणार’ म्हणून अर्धी पुडी अंदाजाने एका ग्लासात टाकतात. कृपा करून असं करू नका.

लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनेच शिरतात: ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडियमचे दोन आयन. ते आत गेले की पाणी त्यांच्यामागे आपोआप जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट बंद होत नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या साथीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले.

हे द्रावण घट्ट झालं तर उलटंच होतं. पाणी रक्तातून आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात. मीठ जास्त झालं तर बाळाला झटकेही येऊ शकतात. फार पातळ केलं तर मीठ पुरत नाही. म्हणून अख्खी पुडी, आणि तिच्यावर लिहिलंय तेवढंच पाणी, मोजून. लिटरची पुडी मोठी वाटत असेल तर २०० मिलीची मागा. कालवलेलं २४ तासांनंतर वापरू नका. नुसती ग्लुकोज पावडर किंवा कोल्ड्रिंक म्हणजे ओआरएस नव्हे, त्यांत पुरेसं मीठच नसतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. बाळ सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पिईनासं झालं किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

आता लोहाच्या गोळीबद्दल. लोहाचं शोषण मुख्यतः जठराच्या लगेच पुढच्या भागात होतं, आणि तिथे चहा आडवा येतो. ‘महिनाभर गोळ्या घेतल्या, हिमोग्लोबिन हलेना’ म्हणणाऱ्या बाईला मी आधी विचारते, गोळी कशाबरोबर घेता? उत्तर बहुतेक वेळा चहा, नाहीतर कॅल्शियमची गोळी. दोन्ही लोहाला अडवतात, तेव्हा मध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. पालेभाजीवर, डाळीवरही लिंबू पिळा, कारण भाजीतलं लोह आंबटाशिवाय फारसं अंगी लागत नाही.

शौच काळी झाली म्हणून घाबरून गोळ्या सोडू नका, ते लोहामुळेच होतं. डांबरासारखी चिकट झाली तर मात्र दाखवा. हिमोग्लोबिन वर आलं तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा आणखी तीन महिने, गोळी चालू ठेवावी लागते. शरीरातला साठा त्यानंतरच भरतो.