टर्मिनलचा जोर सोल्डरवर येऊ नये म्हणून

कनेक्टरच्या पायाचं सोल्डर तडकलं की दोष आधी लाईनवरच्या मुलींवर येतो, मग वेव्ह सोल्डरिंगच्या मशीनवर, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून कार्ड नेणाऱ्या मशीनवर. रिपोर्टात ‘ड्राय सोल्डर’, म्हणजे सोल्डरने नीट धरलंच नाही, असा शेरा मारला की फाइल बंद. मी भोसरीत टर्मिनल (वायर जोडायचे धातूचे भाग) आणि ती पट्टीतून कापायच्या-वाकवायच्या डाय डिझाइन करते, आणि माझं मत असं आहे की यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ ड्रॉइंगमध्ये असतं. सोल्डर पिनेला छान धरलेलं असतं, भोक वरपर्यंत भरलेलं असतं, तरीही पिनेभोवती केसाएवढी गोल चीर असते. अशी चीर दिसली की सोल्डरिंग करणारीला सोडा आणि टर्मिनलचं ड्रॉइंग ज्याने काढलं त्याला बोलवा.

उदाहरणाला शेतीपंपाच्या स्टार्टर पॅनेलमधलं कंट्रोल कार्ड घेऊ. पत्र्याची पेटी विहिरीच्या कडेला उन्हात टांगलेली. आत कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच, दर वेळी खाडकन ओढणार. कार्डावर ५.०८ मिमी पिचची (शेजारच्या पिनांमधलं अंतर) बारा पोलची स्क्रू टर्मिनल पट्टी, आणि शेजारी ६.३ मिमीचे टॅब, ज्यांवर लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) मारलेल्या जाड वायरी बसणार. वायरमन त्या वायरी कशा ओढतो हे ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

मुळात सोल्डर हा भार वाहायचा धातू नाही. ६३/३७ टिन-लेड १८३ अंशांना वितळतं, म्हणजे ४५६ केल्विनला. खोलीचं तापमान ३०० केल्विन. टेबलावर गार पडलेलं असतानाच ते वितळबिंदूच्या ६५ टक्क्यांवर असतं, आणि पेटीत ७० अंश झाले की ७५ टक्क्यांवर. लोखंडाला त्याच प्रमाणात आणायचं तर ९०० अंशांच्या वर लालबुंद करावं लागेल. लालबुंद लोखंडाला कोणी वजन टांगून ठेवत नाही. सोल्डरला मात्र आपण बिनधास्त टांगतो. त्यावर सतत जोर राहिला की ते हळूहळू सरकतं, आणि उलटसुलट जोर आला की दर फेरीत थोडं थोडं फाटतं. लेड-फ्री वापरलं तरी फार फरक पडत नाही. एसएसी ३०५ हे २१७ ते २२० अंशांना वितळतं आणि जरा ताठ असतं, एवढंच.

पिन जाड करण्याआधी एक प्रश्न विचारा

सोल्डर तुटलं की पहिली सूचना ठरलेली: ‘पिन जाड करा.’ मी ती ऐकून घेते आणि विचारते, जोर कसला आहे?

जोर दोन जातींचे असतात. एक म्हणजे बाहेरून कोणीतरी लावलेलं बळ: लग दाबला, वायर ओढली, स्क्रू आवळला. इथे न्यूटन ठरलेले असतात, ते कुठून तरी जाणारच. दुसरा म्हणजे बाहेरून लादलेलं सरकणं: प्लास्टिक पीसीबीपेक्षा (कार्डाच्या बोर्डापेक्षा) जास्त वाढलं, पॅनेलचं भोक अर्धा मिमी चुकलं, पीसीबी वाकली. इथे मायक्रॉन ठरलेले असतात आणि त्यातून किती न्यूटन निघतील हे तुमच्या पिनेचा ताठपणा ठरवतो. पहिल्यावर उपाय म्हणजे बळाला सोल्डर टाळून जाणारी दुसरी ताठ वाट द्यायची. दुसऱ्यावर उपाय म्हणजे पाय लवचिक करायचा. पिन जाड केल्याने दुसऱ्या जातीचा जोर वाढतो. औषध उलटं पडतं ते इथे.

बाहेरचं बळ प्लास्टिककडे न्या

एम३ स्क्रूच्या टर्मिनलला साधारण ०.५ न्यूटन-मीटर टॉर्क देतात. दोन पोलच्या तुकड्यात दोन पिनांमधलं अंतर ५.०८ मिमी. वायरमनने ब्लॉक हाताने न धरता स्क्रू आवळला आणि तो सगळा टॉर्क पिनांनीच पेलला, तर प्रत्येक पिनेवर आडवे सुमारे १०० न्यूटन येतात, म्हणजे दहा किलो. टॉर्कची मर्यादा नसलेल्या पेचकसने आवळलं तर जास्तच. हाच टॉर्क २० मिमी अंतरावरच्या दोन प्लास्टिक खुंट्यांनी घेतला तर प्रत्येकीवर २५ न्यूटन, आणि सोल्डरवर जवळजवळ काही नाही.

पण खुंटी नुसती असून चालत नाही. मी अशी कितीतरी हाऊसिंग (टर्मिनलची प्लास्टिकची घरं) पाहते ज्यांत खुंटी १.८ मिमी आणि भोक २.० मिमी असतं, म्हणजे प्रत्येक बाजूला ०.१ मिमी मोकळं. सोल्डर झाल्यावर पिनेला काहीच मोकळीक उरलेली नसते. मग खुंटी भोकाच्या कडेला टेकायच्या आधी सोल्डरला ०.१ मिमी सरकावं लागतं. तोवर चीर पडून गेलेली असते. दोन वाटा समोर असतील तर भार जास्त ताठ वाटेने जातो, हे धरून चाला. म्हणून खुंटीवर तीन बारीक उभ्या धारा द्या, भोकात बसताना त्या चिरडल्या पाहिजेत. शक्य तिथे सरळ स्क्रू द्या.

लांब पट्टीला दोन्ही टोकांच्या खुंट्या घट्ट करू नका. एका टोकाला गोल भोक, घट्ट. दुसऱ्या टोकाला लांबट भोक, रुंदीत घट्ट आणि लांबीत मोकळं. वळवायला लागलं तर दोन्ही अडवतील, गरम होऊन वाढायला लागलं तर एकच सोडेल.

हेच टर्मिनल आणि हाऊसिंगच्या मध्येही पाहायचं. टर्मिनल घरात खडखडत असेल तर ओढलेल्या वायरीचा जोर आधी सोल्डरला मिळतो, घराला नंतर. टर्मिनलच्या कडेला काटे द्या, ते प्लास्टिकमध्ये रुतले पाहिजेत. मात्र काटे वरच्या भागात हवेत, म्हणजे त्यांच्या आणि सोल्डरच्या मधला पाय मोकळा राहतो. त्या मोकळ्या लांबीचं काम पुढे येतंय.

सुट्या टॅबला घरच नसतं, त्याचं काय? ६.३ मिमीचा टॅब ०.८ मिमी जाड असतो. बोर्डापासून १० मिमी उंचीवर २० न्यूटनची ओढ त्याच्या चपट्या अंगावर आली तर २०० न्यूटन-मिमीचा मोमेंट (वाकवणारा जोर) होतो. तो झेलायला १.६ मिमी जाडीची पीसीबी, म्हणजे भोकाच्या वरच्या आणि खालच्या कडेला १२५ न्यूटनची जोडी, दोन पायांत वाटली तर साडेबासष्ट. तीच ओढ पातळ कडेच्या दिशेने आली तर ५.०८ मिमीवरचे दोन पाय मिळून ती ४० न्यूटनच्या जोडीत निभावतात. म्हणून जमलं तर टॅब बोर्डावर असा फिरवा की वायर निघण्याची दिशा त्याच्या रुंदीत येईल. नाही जमलं तर चार पायांचा, दोन रांगांचा टॅब काढा. डायला एक स्टेशन (टप्पा) वाढतं, वाढू द्या. आणि एकपदरी, भोकाला प्लेटिंग नसलेली पीसीबी असेल तर असा टॅब त्यावर लावूच नका. तिथे सोल्डर टिकलं तरी तांब्याची गोल चकती उखडून येते.

सरकणं पायात जिरवा

आता बारा पोलची पट्टी. एफआर-४ (काचेचं कापड आणि इपॉक्सीची) पीसीबी आडवी दर अंशाला दशलक्षात सुमारे १६ भागांनी वाढते, काच न घातलेलं नायलॉन ६६ सुमारे ८० भागांनी. पहाटे २०, दुपारी पेटीत ७०. फरक ५० अंशांचा. मध्यापासून शेवटची पिन २८ मिमीवर. गुणाकार करा: ०.०९ मिमी. रोज एक फेरी, शिवाय पंप चालू-बंद होताना लहान फेऱ्या वेगळ्या.

पितळेची १ मिमी चौरस पिन, मोकळी लांबी ३ मिमी, दोन्ही टोकांना पकडलेली. ताठपणा म्हणजे इलॅस्टिक मोड्युलस (धातूचा मूळचा ताठपणा) गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन, भागिले लांबीचा घन. पितळेला १०५ गिगापास्कल धरले तर दर मिमीला सुमारे ३,९०० न्यूटन, ०.०९ मिमीला ३५०. प्रत्यक्षात एवढे येत नाहीत, कारण प्लास्टिक दबतं, पिन रुतते, बोर्डही जरा वाकतो. पण सोल्डरला छळायला त्यातला दहावा हिस्सा पुरेसा आहे.

आता तीच पिन फॉस्फर ब्राँझच्या ०.४ मिमी पट्टीतून काढा, १ मिमी रुंद, आणि मध्ये गुडघ्यासारखा बाक देऊन उलगडलेली लांबी ६ मिमी करा. ढोबळ हिशेबाला ती सरळ पट्टीच धरा, पातळ बाजू टर्मिनल पट्टीच्या लांबीच्या दिशेला. दर मिमीला ३३ न्यूटन, म्हणजे ०.०९ मिमीला जेमतेम ३. बाकात ताण सुमारे ३३० मेगापास्कल येतो. हार्ड टेंपरचं (कडक केलेलं) फॉस्फर ब्राँझ तो आरामात पेलतं. जाडीचा आणि लांबीचा घन आहे, त्यामुळे इथे थोडक्यात खूप मिळतं. रुंदी कमी करून फारसं काही मिळत नाही.

अर्थात फुकट काही नसतं. त्या पायाचं क्षेत्रफळ ०.४ चौरस मिमी आणि फॉस्फर ब्राँझची वाहकता तांब्याच्या जेमतेम १५ टक्के. ६ मिमीला १.७ मिलिओहम, १० अँपिअरला ०.१७ वॅट, चालेल. २० अँपिअरला ०.७ वॅट, तेही अगदी सोल्डरच्या डोक्यावर, चालणार नाही. मग एका जाड पायाऐवजी दोन-तीन पातळ पाय समांतर द्या. १ मिमी जाडीच्या एकाचे अर्ध्या मिमी जाडीचे दोन केले की क्षेत्रफळ तेच, ताठपणा पाव. कंट्रोल सिग्नलच्या पोलांना हा विचारही करायला नको.

जाता जाता: बारा पोलची अखंड पट्टी घेण्यापेक्षा दोन-तीन पोलचे तुकडे एकमेकांत अडकवलेली पट्टी घेतली, तर प्रत्येक जोडावर थोडी थोडी मोकळीक मिळते. परचेसवाल्याला अखंड पट्टी आवडते. त्याला शेवटची पिन दाखवा.

बाक कुठे द्यायचा

बाकात सोल्डर चढलं की बाक संपला. वेव्हवर टिन केलेल्या पायावर सोल्डर वर चढतं, बाकाच्या आतल्या कोपऱ्यात भरतं, आणि तुमचा लवचिक पाय ठोकळा होतो. म्हणून बोर्डाच्या वरच्या पृष्ठापासून निदान एक-दीड मिमी सरळ भाग सोडून बाक सुरू करा. शिवाय प्लेटिंगवाल्याला सांगून मधे नुसत्या निकेलचा पट्टा ठेवा. ऑक्साइड धरलेल्या निकेलवर सोल्डर सहसा चढत नाही. संपर्काच्या जागी सोनं असेल तर ते पायापर्यंत आणू नका. सोल्डरमध्ये वजनाने ३ टक्क्यांच्या वर सोनं विरघळलं की जोड ठिसूळ होतो. पायाला मॅट टिन, खाली निकेल. पितळेच्या पार्टला तर निकेल हवंच, नाहीतर जस्त वर येतं आणि गोदामात चार-सहा महिने पडलेला माल सोल्डर धरत नाही.

डायच्या बाजूने दोन गोष्टी. बाकाची रेघ पट्टीच्या रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवा; दोन दिशांना बाक असतील तर पार्ट ४५ अंशांत मांडा, थोडं मटेरियल वाया गेलं तरी. आणि कापताना कडेला उठलेली धार, म्हणजे बर, बाकाच्या आतल्या बाजूला येऊ द्या. बाहेरच्या बाजूला आली तर ताणाखाली तिथूनच चीर सुरू होते. आधीच टिन केलेली पट्टी कापली तर कापलेल्या कडा उघड्या राहतात, तिथे सोल्डर धरत नाही; म्हणून अशा पायांना कापल्यानंतर प्लेटिंग करून घ्या, जरी महाग पडलं.

भोकाचं माप आटोक्यात ठेवा. ०.६४ मिमीच्या चौकोनी पिनेचा कर्ण ०.९ मिमी असतो. भोक प्लेटिंगनंतर १.०२ ते १.१. यापेक्षा मोठं केलं की पिन एका कडेला टेकते आणि एका बाजूला सोल्डर पातळ राहतं.

जोडणीचा क्रम ड्रॉइंगवर लिहा

उत्तम टर्मिनलही चुकीच्या क्रमाने वाया जातं. कनेक्टर आधी सोल्डर करायचा आणि मग पॅनेलच्या नटाने किंवा स्क्रूने खेचून बसवायचा, हे सर्रास चालतं. त्यात भरलेला जोर कायमचा आत राहतो आणि सोल्डर तो सरकून सरकून सोडतं. आधी स्क्रू, मग सोल्डर. पॅनेलवर बसणारा कनेक्टर असेल तर पॅनेलच्या मापाचं फिक्स्चर करून त्यात बसवून सोल्डर करा. ही ओळ ड्रॉइंगच्या टिपांमध्ये घाला; तोंडी सांगितलेलं पुढच्या शिफ्टला पोहोचत नाही.

सॅम्पल आल्यावर

नुसत्या कार्डावर टेस्ट घेऊ नका. खरी वायर, खरा लग, खरा टॉर्क लावून घ्या. चार वायरींच्या पद्धतीने (दोन वायरींतून करंट, दुसऱ्या दोनांनी व्होल्टेज) प्रत्येक पायाचा मिलिओहम लिहून ठेवा, मग गरम-गार फेऱ्या द्या. मोठं चेंबर नसेल तर ओव्हन आणि डीप फ्रीझर चालतो, फक्त कार्ड पिशवीत घाला म्हणजे दव बसत नाही. मिलिओहम बराच काळ हलत नाही, यावर खूश होऊ नका. चीर अर्ध्यावर गेली तरी मीटरला ते कळत नाही. टोकाच्या पिना वीसपट भिंगाखाली बघा. शंका असेल तर चिरेत शिरणारा पातळ लाल रंग ओता, सुकू द्या आणि पिन खेचून काढा. जिथे आत लाल दिसेल तिथे चीर आधीपासून होती, आणि लाल भाग कुठल्या बाजूला जास्त आहे त्यावरून जोर कुठून येत होता तेही कळतं. सगळ्या बाजूंनी सारखा लाल असेल तर ओढ उभी होती, टर्मिनलचे काटे तपासा. पट्टीच्या लांबीच्या दिशेला दोन्ही बाजूंनी लाल असेल तर प्लास्टिकचं वाढणं, बाक तपासा.